दहा लाख एक

त्या वर्षी चंदीगडला कर्फ्यू लागला की मला चक्क आनंद व्हायचा, आणि त्याची लाजही वाटायची नाही. बाहेर काय चाललंय ते रेडिओ सांगायचा. मला एवढंच कळायचं की आज बाबा घरी आहेत. एरवी ते प्रयोगशाळेतून अंधार पडल्यावर यायचे. कर्फ्यूत मात्र जेवणाच्या टेबलावर मला गणितं घालत बसायचे. ते टेबल माझं होतं.

मग वरच्या मजल्यावरच्या सरदारजींची मुलगी खाली येऊ लागली. माझ्याच वर्गातली. तिचे वडील पिंजौरच्या कारखान्यात अडकून पडलेले, घरात तिचं लक्ष लागेना, म्हणून आईनेच तिला बोलावलं. बाबा तिला "बेटा" म्हणायचे. मला जन्मात कधी म्हणाले नव्हते. साताऱ्याच्या माणसाला एवढं गोड हिंदी येतं कुठून, असं मी आईला विचारलंसुद्धा. आई म्हणाली, "जळू नकोस." जळत तर होतेच.

एका दुपारी बाबांनी आम्हा दोघींना संख्या दिली: १०००००१. हिचे अवयव पडतात, की ही मूळ संख्या आहे? मी लगेच भागाकाराला भिडले. तीन, सात, अकरा, तेरा... एकेक मूळ संख्या घ्यायची, भागायचं, बाकी उरली की पुढची. ती नुसती बसली होती, वेणीचं टोक चावत. आज हिची जिरणार, या खुशीत मी पेन्सिल दामटली. सत्त्याण्णवने भागल्यावर अठ्ठावीस बाकी उरली. पुढची एकशे एक. पूर्ण भाग जातोय असं दिसायला लागलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अंकल जी, ये तो हंड्रेड का क्यूब प्लस वन है!"

बाबा खुर्चीतून उठलेच. दोन घनांची बेरीज म्हटल्यावर सूत्राने लगेच फोड होते: १०१ गुणिले ९९०१. "शाबाश, बेटा!"

"बाबा, माझंही एकशे एकच आलंय."

"हो, हो," ते तिच्याकडेच बघत म्हणाले. "और ये ९९०१? ये टूटता है क्या?"

ती पुन्हा वेणीचं टोक चावू लागली. तिचं सूत्र तिथे संपत होतं.

"नाही फुटत," मी म्हणाले. मोठ्या संख्येला सत्त्याण्णवपर्यंत कुणाचाच भाग गेला नव्हता, मग तिच्या तुकड्याला कसा जाईल? आणि ९९०१ शंभराच्या वर्गाहून लहान; फुटायची तर शंभराच्या आतल्या कुठल्यातरी मूळ संख्येने फुटायला हवी. त्या सगळ्या मी तपासून बसले होते. तिने एकही भागाकार केला नव्हता, तिला हे सांगताच आलं नसतं.

बाबांनी माझा कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील, असं वाटलं. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"देखो बेटा," ते म्हणाले, "अब तुम्हारा जवाब पूरा हो गया."