दार लावून द्यायची परीक्षा

कासारे कुणाच्याही टेबलापाशी आला की आधी खाली वाकायचा. इंटरनेट गेलं, साहेबांचा मेल अडकला, आता काय करू, असं तुम्ही सांगत असायचात आणि समोर फक्त त्याची पाठ दिसायची. टेबलाखालून आवाज यायचा, "आधी वायर बघू. मग माणसांवर संशय घेऊ." बहुतेक वेळा वायर कुणाच्या तरी बुटाने निघालेली असायची. ती बसवून तो उठायचा, गुडघे झटकायचा आणि बूट कुणाचा होता ते कधीच सांगायचा नाही.

आमचं ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मी हिशेब खात्यात. अशोक कासारे कंत्राटावरचा कॉम्प्युटर असिस्टंट, वय पंचेचाळिशीच्या आसपास. पलीकडच्या गल्लीतल्या चाळीत तो आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई, एवढंच घर. जेवणाच्या सुट्टीत तो घरी जायचा, आईला भरवायचा आणि परत यायचा. स्वतः कधी जेवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

एक दिवस आम्हाला सभागृहात बोलावून समोसे दिले. आमच्या कंपनीत समोसे दिले की काहीतरी जाणार, हे जुन्यांना ठाऊक असतं. मनुष्यबळ खात्याचे साहेब पडद्यावर बाण दाखवत 'शिकण्याच्या संस्कृती'वर बराच वेळ बोलले. त्यातून निघालं एवढंच की, नवं कंत्राट दिवाळीनंतर सुरू होणार, त्यात नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. ज्याच्याकडे नसेल त्याला भिवंडीच्या गोदामात पाठवणार. आमच्याकडे कुणाला काढत नाहीत, पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा देतात.

"भिवंडीहून दुपारी घरी येता येईल का रे?" मी विचारलं.

"दुपारी निघालो तर संध्याकाळी येईन," कासारे म्हणाला. "आईला सांगतो, जेवण जरा उशिरा."

रोज क्लासला जाणं त्याला शक्य नव्हतं. घरी बसून शिकायचं ठरलं, आणि कोर्स निवडायला तो मला बरोबर घेऊन हिंडला. दादरला एका संस्थेच्या भिंतीवर काळ्या टोप्या उडवणाऱ्या मुलामुलींचे फोटो होते. सगळ्या टोप्या एकाच उंचीवर. कोट घातलेली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स आहे."

"असिस्टन्स म्हणजे नोकरी, की नोकरीसाठी शुभेच्छा?" कासारेने विचारलं.

ती हसली. तिला असं हसायला शिकवलं असावं.

"बरं, घरी शिकताना अडलं, तर विचारायचं कुणाला?"

"सर, ॲपमध्ये चॅटचं ऑप्शन आहे ना. ट्वेंटी फोर बाय सेव्हन."

"तिकडे माणूस असतो?"

तिने आम्हाला माहितीपत्रक दिलं. जिना उतरताना कासारे म्हणाला, "पास झाल्यावर टोपी देणार, पण अडल्यावर फोन कोण उचलणार?"

हाच प्रश्न तो सगळीकडे विचारत गेला. एका परदेशी कोर्सची पुस्तिका फार देखणी होती, पण तिच्यात फोन नंबरच नव्हता. दुसऱ्या ठिकाणाहून त्याला रोज फोन यायचे. पैसे भरेपर्यंत हे लोक घरच्यासारखे बोलतात, म्हणून त्याने तेही सोडलं. शेवटी भायखळ्याचे एक निवृत्त टेलिफोन इंजिनिअर सापडले. त्यांचे धडे साधे, खोलीत पंख्याचा आवाज यायचा, मधेच कुकरची शिट्टी. पण रविवारी सकाळी ते स्वतः फोन उचलायचे. कासारेने फोन करून पाहिला. पलीकडून उत्तर आलं, "थांबा जरा, दूध उतू जातंय." तो म्हणाला, "हेच घेऊ. इथे माणूस आहे."

निवड चांगली होती. पुढचे काही महिने तो आईच्या खाटेशी बसून शिकला. आईला मोठ्याने वाचून दाखवायचा. पत्ता कसा ठरतो, निरोप कुठल्या वाटेने जातो, वाट बंद असली तर काय होतं. आईचं बोलणं गेलेलं होतं, पण ती ऐकायची. "हुशार विद्यार्थिनी आहे," तो म्हणायचा, "शंका विचारत नाही."

परीक्षाही घरूनच देता येत होती. केंद्रावरच्या तारखा दिवाळीनंतरच्या, तोवर कंत्राट निघून जाणार. घरच्या परीक्षेची अट अशी की, खोलीत एकट्याने बसायचं, दार लावायचं, आणि कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसता कामा नये.

चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर आत भांडण तरी असतं किंवा मरण. कासारेला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्याने मजल्यावर कुणाला सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर दही-साखर घेऊन रांग लागली असती," तो मला नंतर म्हणाला, "आणि नापास झालो असतो तरी रांग लागली असती." आईला पहाटेच टॅक्सीने शीव कोळीवाड्याला बहिणीकडे पोचवलं. चाळ तेव्हा झोपेत होती. मग त्याने दार लावलं, खिडकी लावली, कडी घातली.

परीक्षा अर्ध्यावर आली होती. प्रश्न ओळखीचे होते. एवढ्यात शेजारच्या शेवंतीकाकींनी दार वाजवलं. बोलायचं नाही असा नियम, म्हणून तो गप्प राहिला.

"अशोका, दार कित्याक लावलंस रे? आवशीक काय झाला?"

बाहेर कुजबुज, मग पावलं. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी पण सकाळपासून दिसली नाही. कण्हण्याचा आवाज नाही." कासारे पडद्याकडे बघत उत्तरं भरत राहिला. मग दोघातिघांनी दाराला खांदा लावला. चाळीची कडी जुनी, ती निघाली, आणि सगळा मजला आत आला. शेवंतीकाकी रडतच आल्या.

पडद्यावर कुठल्याशा दूरच्या निरीक्षक बाईंचा इंग्रजी संदेश आला की, खोलीत अनधिकृत व्यक्ती दिसत आहेत.

कासारे कॅमेऱ्याकडे बघून मराठीतच म्हणाला, "मॅडम, यातला एकही अनधिकृत नाही. सगळे आमच्या मजल्यावरचे आहेत."

परीक्षा रद्द झाली.

"मेल्या, परीक्षा होती तर सांगूक काय झाला होता?" काकी ओरडल्या. कासारेने सगळ्यांसाठी चहा ठेवला. घाबरून आली होती माणसं.

ऑफिसात मी त्याच्यासाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, प्रक्रिया सगळ्यांना सारखी असते. मग त्यांनी मला प्रक्रियेवरचा एक व्हिडिओ पाठवला. मी अजून तो पाहिलेला नाही. या वयात उसना उत्साह पेलवत नाही.

दिवाळीनंतर कासारेला भिवंडी मिळाली. दुपारी त्याच्या आईला आता शेवंतीकाकी भरवतात. नव्या कंत्राटाचा माणूस दुसऱ्या शहरात बसून फोनवर मशीन बंद करून परत चालू करायला सांगतो. त्याच्या दिव्य आवाजानंतरही आमचं काम अडायचं ते अडतंच.

परळच्या ऑफिसातल्या त्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही इमारतीखाली चहा घेतला होता. मी म्हटलं, "पुन्हा बस परीक्षेला. अभ्यास तर झालेला आहे. आता मजल्यावर आधी सांग, दार लाव आणि दे."

त्याने कप खाली ठेवला. "बसेन. पण केंद्रावर जाऊन, साहेब. घरी नाही."

"का? सांगितलंस तर कुणी येणार नाही आता."

"तेच तर," तो म्हणाला. "एकदा दार लावलं तेव्हा माणसं मोडून आत आली. आता सांगून लावायचं, आणि कुणी यायचं नाही. मग पुढे कधी खरंच काही झालं, आणि दार लागलेलं दिसलं, तर म्हणतील, असेल त्याची परीक्षा."

त्याने दोन्ही चहाचे पैसे दिले आणि भिवंडीची बस कुठून सुटते ते चहावाल्याला विचारू लागला.