पायऱ्यांवर बसून निवडलेला कोच

फुटबॉल मला कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफसाइड म्हणजे काय ते आमच्या ह्यांनी मला वाटाणे मांडून समजावलंय, चहाचे कप सरकवून समजावलंय. दर वेळी मी "हो, आलं लक्षात" म्हणते आणि पुढच्या मॅचला शिट्टी वाजली की पुन्हा ह्यांच्याच तोंडाकडे बघते. तरीही कल्याणच्या एका कॉलेजच्या मैदानावर, पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात, रोज संध्याकाळी मी असतेच. महापालिकेच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरला गेली, आणि घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा मैदानावर बसून माणसांचं भांडण ऐकणं मला बरं वाटायला लागलं.

माणसं ठरलेली. रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन काका, वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठे. शहाडकडचे जमीनवाले भाऊ, ज्यांच्या वडलांच्या भाताच्या शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत. मेडिकलवाला, जो ह्याच कॉलेजच्या टीमकडून खेळलेला आणि अजूनही दुकान कामगारावर सोडून मॅचला पळत येणारा. आणि आमचे हे. हे जवळच्याच मोहने गावातल्या कारखान्यात होते, तिथल्या टीमचे गोलकीपर. कारखाना बंद झाला, पण गोलपोस्ट काही सुटला नाही. कॉलेजच्या गोलकीपर मुलांना हे रोज सकाळी शिकवायला जातात. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. मुलं ह्यांना अंकल म्हणतात.

त्या पायऱ्यांचा एक नियम आहे. जो हजर असेल त्याच्याबद्दल बोलायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. म्हणे फार पूर्वी ह्या मंडळींनी एका बॅकला तासभर शिव्या घातल्या आणि त्याचे वडील मागच्याच पायरीवर बसलेले निघाले. मग पुढच्या आठवड्यात भरपाई म्हणून त्याच बॅकचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं, तर वडलांना वाटलं आपली टिंगल चाललीय. हातघाईवर आलं प्रकरण. तेव्हापासून हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण मोडत कुणीच नाही. मोटरमन काका एकदा आजारपणानंतर महिन्याने आले, तर कुणी "कसे आहात" सुद्धा विचारलं नाही. ते उठून गेल्यावर मात्र त्यांच्या तब्येतीवर अंधार पडेपर्यंत चर्चा झाली. मला ह्या माणसांचं कधी कधी काही कळत नाही.

तर गेल्या वर्षी टीमचे सहायक कोच नोकरी लागून नाशिकला गेले. मुख्य कोच म्हणजे कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर. त्यांच्याकडे क्रिकेट, कॅरम, खो-खो सगळंच, त्यामुळे फुटबॉल खरं तर सहायकच सांभाळायचा. एक दिवस सर स्वतः पायऱ्यांपाशी आले. म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं ही टीम बघताय. सगळे मिळून एक नाव सुचवा. मी प्राचार्यांकडे तेच घेऊन जातो." आणि गेले.

त्या दिवसापासून जो काथ्याकूट सुरू झाला, तो बघायला हवा होता. डोंबिवलीत कोचिंगचं सर्टिफिकेट घेतलेला एक बँकेतला माणूस होता. ठाण्यात टर्फ भाड्याने घेऊन लहान मुलांना शिकवणारा एक जुना स्ट्रायकर होता. मेडिकलवाला स्ट्रायकरच्या बाजूने. "अरे भाई, त्याचा टच बघितलाय का तुम्ही? आपण एकदम लेव्हलवर जाऊ."

जमीनवाले भाऊ उसळले. "टर्फवर खेलाचा आनि मातीत खेलाचा, यात फरक हाय का नाय? त्याला आपल्या मातीचा काय कलतंय?"

"आणि बँकवाल्याला कळतं?" मेडिकलवाला म्हणाला. "तो एसीत बसणारा माणूस."

"त्याच्याकडे रीतसर शिक्षण आहे," मोटरमन काका म्हणाले. "शिक्षणाला काही किंमत आहे की नाही?"

दुसऱ्या दिवशी काकांना स्ट्रायकर पटलेला असायचा आणि मेडिकलवाल्याला बँकवाला. तिसऱ्या दिवशी भाऊ कुठल्याशा तिसऱ्याच माणसाचं नाव घेऊन यायचे. काल कोण काय बोललं ते आज कुणाला आठवायचं नाही, फक्त मला आठवायचं, कारण मला तेवढंच काम. आणि ह्या सगळ्यात आमचे हे मांडी घालून बसायचे, मान हलवायचे, बँकवाल्यालाही आणि स्ट्रायकरलाही.

ह्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

सुरुवातीला मला ते खुपलंही नाही, कारण ह्यांना ती जागा हवी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "मला कशाला? ह्या वयात?" आणि त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून कारखान्याच्या टीमचा ट्रॅकसूट काढून धुवायला टाकला. मी म्हटलं, "हा कशाला?" म्हणाले, "कसर लागेल." दोन दिवसांनी केस काळे केले. मी म्हटलं, "आता हे कशाला?" म्हणाले, "मुलीकडे जायचंय ना." मुलीकडे जायचं तर नावही नव्हतं. सकाळी मैदानावरून यायला उशीर व्हायला लागला. रात्रीच्या जेवणात ताटातल्या भाकरीचे तुकडे इकडून तिकडे सरकवायचे, हा बॅक, हा विंगर. मी विचारलं, "तुम्हाला हवंय का ते कोचपद?" तर चिडले. "काहीतरीच तुझं. ते बघतील काय ते."

मग माझं डोकं फिरलं. हवं असेल तर बोला, नको असेल तर केस पांढरे ठेवा. हे काय मधलंच?

मला ह्यांचंच कळेना तर त्या तिघांचं काय कळणार? हा माणूस रोज सकाळी घाम गाळतो, त्या तिघांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या टीमसाठी, आणि त्यांच्या तोंडून एकदाही नाव निघत नाही? तो नियम मला माहीत होता. पण नियम एवढा कडक असतो का? आणि मग दुसरं मनात आलं, जे यायला नको असं मला नेहमी वाटतं आणि तरी येतंच. आम्ही बौद्ध. ही माणसं आमच्या घरी जेवलेली आहेत, बुद्धपौर्णिमेला खीर खाऊन गेलेली आहेत. भाऊंच्या घरच्या हळदीला मी जाऊन आलेय. पण दवाखान्यातही माझ्या हातचा चहा पिणाऱ्या बायका होत्या आणि वॉर्डाची मुख्य नर्स ठरवताना माझं नाव निघालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं होतं ते मी विसरलेले नाही. जेवणं वेगळं आणि पद देणं वेगळं. तसं काही असेल का इथे? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुला सगळीकडे तेच दिसतं. खरं आहे, दिसतं. कुठे असतं आणि कुठे नसतं हे कळायची सोय नाही, म्हणून सगळीकडेच बघावं लागतं.

शेवटी मी एक युक्ती केली. ह्यांना रविवारी दुपारी वर्तकनगरला पिटाळलं. बोंबलाची चटणी आणि नातवाचे दोन शर्ट दिले आणि सांगितलं, राहूनच या. हे कुरकुरले, पण गेले. संध्याकाळी मी एकटी मैदानावर. ह्यांच्याशिवाय. आता हे हजर नाहीत, तर बघू या नाव निघतंय का.

तिघेही बसले होते. मी बसल्याबरोबर गप्प झाले. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. मॅचही नव्हती. समोर दोन मुलं नुसती बॉल उडवत होती.

"काय झालं?" मी म्हटलं. "चालू द्या की तुमचं."

मेडिकलवाला काकांकडे बघायला लागला. काका भाऊंकडे. मग भाऊ म्हणाले, "वैनी बसलीय म्हंजे दादा बसलाय, का नाय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. प्रश्न असा होता की बायको हजर असली तर नवरा हजर धरायचा की नाही! आणि त्यावर तिघांनी वाद घातला, माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखा. मेडिकलवाला म्हणाला, काकू घरी जाऊन सगळं सांगणारच, म्हणजे हजरच. भाऊ म्हणाले, वैनी सांगनार नाय. काकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "वहिनी म्हणजे वहिनी. त्या स्वतः हजर आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. त्यांच्या यजमानांबद्दल बोलायला हरकत नाही."

आणि मग एकदम तिघे बोलायला लागले. पहिल्या दिवसापासून तिघांच्याही मनात ह्यांचंच नाव होतं म्हणे. ह्यांच्यासारखा माणूस कुठे मिळणार? मुलं त्यांचं ऐकतात. मेडिकलवाला म्हणाला, मला कीपरचं बेसिक त्यांनीच शिकवलेलं. मला ते ऐकायला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मग सरांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

काका म्हणाले, "त्यांना नको आहे ना. इतके दिवस इथे बसून चर्चा ऐकतायत. हवं असतं तर एकदा तरी म्हणाले असते. आपण लादायचं कसं?"

हे म्हणजे अजबच. आमचे हे वाट बघतायत की कुणीतरी विचारेल, आणि ही माणसं वाट बघतायत की हे मागतील. मी उठून उभी राहिले.

"त्यांना हवंय," मी म्हटलं. "केस काळे केलेत त्यांनी. ट्रॅकसूट धुतलाय. ते मागणार नाहीत, ते मरेपर्यंत मागणार नाहीत. पण हवंय."

भाऊंनी मान खाली घातली. काका म्हणाले, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." ज्या पद्धतीने ते "बरं झालं" म्हणाले, त्याने मी पुन्हा गोंधळले. खरंच ह्या तिघांच्या मनात आधीपासून होतं? की बायको समोर येऊन बसली म्हणून तोंडदेखलं बोलले, आणि आता मी मागितल्यावर नाही म्हणता येईना? घरी येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी पुरावे मांडत होते. दोन्ही बाजू भक्कम.

सोमवारी हे परतले. संध्याकाळी मैदानावर निघायच्या आधीच दारावरची बेल वाजली. तिघेही दारात. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, भाऊंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. ह्यांना वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. मी पाणी आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले.

काका घसा खाकरून म्हणाले, "आम्ही तिघं तुम्हाला विचारायला आलोय. सहायक कोच व्हाल का? तुम्ही हो म्हणालात तर आजच सरांना सांगतो."

समोरासमोर, हजर माणसाला, नाव घेऊन. पायऱ्यांवर कधी न घडलेलं आमच्या हॉलमध्ये घडत होतं. मला वाटलं हे लगेच हो म्हणतील. हे म्हणाले, "विचार करून सांगतो."

मी दारातच कपाळावर हात मारून घेतला. चहा झाला, पेढे झाले, ती माणसं खाली उतरली. हे खिडकीपाशी उभे राहून त्यांना जाताना बघत होते. मग वळले आणि स्वयंपाकघरात आले. मी कप विसळत होते.

"काल तू गेली होतीस मैदानावर?"

"रोजच जाते की."

"खरं सांग," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मी इतक्या वर्षांत ह्यांना असं घाबरून काही विचारताना पाहिलं नव्हतं. "ते आपणहून विचारायला आले होते, की तू पाठवलंस त्यांना?"

नळ चालूच होता. मी खरंच उत्तर शोधत होते. पाठवलं म्हणावं तर मी कुणाला जा म्हणाले नव्हते. आपणहून आले म्हणावं तर मी तोंड उघडलं नसतं तर ते आले असते का, हे मला कुठे माहीत होतं?

"विचारायला आले होते," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी हुश्श केलं. मग हसले, एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसलेला ओला हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "मग काकांना फोन लावतो. हो सांगतो."

ते बाहेर गेले. हॉलमधून त्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा मोठा. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. मी आत्ता खरं बोलले होते की खोटं, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि अजूनही कळलेलं नाही.