फुलीवरची नजर

जुन्नरला माझं चष्म्याचं दुकान आहे. सहा वर्षं दर दिवाळीआधी भिमाजी यायचा, स्टुलावर ताठ बसायचा आणि तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवायचा. मग माझ्याकडे असा बघायचा, जणू परीक्षा माझीच होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो. "फौजी, तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आली तर या शाहनवाजला दुकानाला कुलूप लावावं लागेल."

महाळुंगे पडवळचा हा गडी सतरा वर्षं सैन्यात होता. काम रणगाड्यावर क्षेपणास्त्र सोडण्याचं. दोघांनी उचलून न्यायची नळी, खाली तिवई. लोकांना वाटायचं, घोडा दाबला की काम झालं. त्यावर तो भडकायचा.

"आरं, दाबल्यावर तर काम सुरू व्हतं!"

मग तो समजावून सांगायचा. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्यामागे बारीक तार उलगडत जाते. त्याच्या शेपटाला उजेड असतो. नळीवरचं यंत्र तो उजेड बघतं, तो नेमापासून किती सरकलाय ते मोजतं आणि तारेतून हुकूम धाडून त्याला ओळीवर आणतं. माणसानं फक्त दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची. दोन किलोमीटरला बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात धूर बघून शत्रू तुमच्यावर गोळ्या झाडतो, शेजारचा पडतो, तरी मान वळवायची नाही. फुली हलली की क्षेपणास्त्रही तिकडेच जातं.

खरं क्षेपणास्त्र त्यानं उभ्या नोकरीत एकदाच सोडलं, राजस्थानात, एका मोडक्या रणगाड्यावर. बाकी सगळा सराव. पण ती नजर अंगात मुरली ती मुरलीच.

निवृत्तीनंतर त्यानं जुन्नर-घोडेगाव प्रवासी जीप सुरू केली. जीप म्हणजे त्याचा जीव. दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला, "आता गाडीत लई मन लागतं बघ. आजूबाजूचं काय बी तरास देत न्हाई."

"म्हातारपणी माणूस सुधारतो," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो.

या मार्चमध्ये स्टँडसमोर त्यानं डावीकडून येणाऱ्या मोटारसायकलला ठोकलं. ती चालवणाऱ्या गोकुळ नावाच्या पोराचा पाय मोडला. भिमाजी शपथेवर सांगत होता, तिथं कुणी नव्हतंच. लोक म्हणाले, प्यालेला असेल. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाला हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला.

"नजर चांगली हाय म्हणून चिठ्ठी दे, शाहनवाजभाई. गाडी सुटली तर मी घरात बसून करू काय?"

शेवटची ओळ त्यानं नेहमीसारखीच वाचली. मी चहा त्याच्या डाव्या कोपराजवळ ठेवला आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"आज चहा पाजत न्हाईस व्हय?" तो म्हणाला. कप तिथंच वाफाळत होता.

मी पेन खाली ठेवलं. मी त्याला माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि हात बाजूनं हळूहळू पुढे आणला. "दिसला की सांग." हात जवळजवळ मधोमध आला तेव्हा तो म्हणाला, "हां, दिसला." दुसऱ्या बाजूनंही तेच. चिठ्ठी मी फाडून टाकली.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेलीय, मधली तेवढी उरलीय. गेलेली परत येत नाही, आणि थेंब घालूनही उरलेली टिकेल याची खात्री नाही. तक्त्यावर मधलीच नजर कळते, हे मला माहीत होतं. या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. एकदा मोठ्या दवाखान्यात डोळ्याचा दाब बघून ये, एवढं एक वाक्य मी सहा वर्षांत बोललो नाही. इतक्या झोकात वाचणाऱ्याला काय सांगायचं, असं वाटायचं. मला माझीच लाज वाटते.

जीप विकली. गेल्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. भिमाजी ओट्यावर बसून सरळ पुढे बघत होता. त्याची बायको साळुबाई शेजारीच लसूण सोलत होती. त्यानं घराच्या दिशेनं हाक मारली, "साळू, भाई आलाय, पाणी आन!"

"हितंच हाय मी," ती म्हणाली आणि उठून तांब्या घेऊन आली. माझ्या हातात देताना तिनं हळूच विचारलं, "भाई, दर साली तुमीच तपासत व्हता न्हवं?"

ती भांडत नव्हती, नुसतं विचारत होती. मी हो म्हणालो.