बाबांसाठी शब्दांत आणलेलं रान

माझा भाऊ ट्राउगोट येनाच्या विद्यापीठात गेला तो पाद्री व्हायला. आमचं लाउशा म्हणजे काचेच्या भट्ट्यांचं गाव. आमच्या घरात तोवर कुणी काच फुगवायच्या फुंकणीशिवाय दुसरं काही हातात धरलं नव्हतं. बाबा म्हणायचे, एकाचे तरी हात न भाजता म्हातारे होऊ देत.

पण त्या काळी येनात धर्मशास्त्राच्या वर्गात बाकं रिकामी असत आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात पोरं खिडकीतसुद्धा बसत. ट्राउगोट तिकडेच ओढला गेला. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. जेवताना बाबांनी विचारलं, काय शिकवतात रे तिथे? त्यानं मन लावून सांगितलं, की सगळ्याची सुरुवात 'मी'पासून होते. आपल्याला दिसतं ते जग हा 'मी'च स्वतःसमोर मांडतो.

"म्हणजे ही भट्टीही तूच मांडलीस?"

"एका अर्थानं, हो बाबा."

"मग उद्याचं सरपणही मांडून ठेव. मी जरा उशिरा उठेन म्हणतो."

आम्ही हसलो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर मी कपडे पिळत असताना तो शेजारी येऊन बसला. तो विचार त्याला खोडता येत नव्हता. पण रान, ओढा, आम्ही, सगळंच त्याच्या 'मी'नं मांडलेलं असेल, तर जगात तो एकटाच उरत होता. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण त्याची भीती मात्र पुरती कळली.

त्याच वर्षी हिवाळ्यात बाबांचे डोळे गेले. भट्टीच्या झळांनी आमच्याकडे बऱ्याच जणांचे जातात. ट्राउगोट शिक्षण सोडून परत आला आणि गावच्या शाळेत मास्तर झाला. शाळा सुटली की बाबांचा हात धरून त्यांना डोंगरधारेवर फिरायला न्यायचा. डावीकडे फरची झाडं, पुढे खडक, असं सांगत चालायचा. एकदा बाबा वैतागले.

"हे मला ठाऊक आहे रे. जन्मभर पाहिलंय. आज कशी आहेत ते सांग."

ट्राउगोटनं मान वर करून झाडांकडे पाहिलं. दरीतून धुकं वर येत होतं. तो म्हणाला, "झाडं थांबलीयत. कुणाचं तरी नाव आठवत असल्यासारखी."

बाबाही थांबले. "पुन्हा सांग," म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. साधं बोलणं बाबांच्या लक्षात राहीना, म्हणून ट्राउगोट त्यांच्या पावलांच्या ठेक्यावर ओळी बांधू लागला. घरी आले की बाबा त्या म्हणत बसायचे, आणि मला चुलीपाशी बसल्या बसल्या रान दिसायचं. भावाच्या गालांवर मांस चढलं. एकदा बटाट्याचे गोळे वळता वळता मी त्याला विचारलं, तुझी ती जुनी भीती गेली का?

"त्या ओळीत झाडं किती आणि मी किती, हे मला वेगळं काढता येत नाही, रेगीना," तो म्हणाला. "मी नसतो तर ती थांबली नसती. पण ती नसती तर मला हे सुचलंच नसतं. मी एकटा कुठे आहे?"

"म्हणजे तुझे प्राध्यापक चुकले?"

"छे. त्यांच्या प्रश्नानं झोप उडाली नसती तर मी झाडाकडे असं बघितलंच नसतं. मी आणि जग वेगळे नाहीत हे ते सिद्ध करायला बघतात, कवितेत ते घडतं, एवढंच."

वसंतात त्याचा विद्यापीठातला सोबती वेंडेलिन त्याला परत न्यायला म्हणून पायी आला. येनात आता काहीजण म्हणू लागलेत, की मन आणि निसर्ग एकाच मुळातून फुटलेत आणि तत्त्वज्ञानानं शेवटी कवितेला जाऊन मिळावं, असं तो सांगत होता. मग बाबांनी त्याला धुक्याच्या ओळी म्हणून दाखवल्या. "आम्ही तिथे यावर भांडतोय," तो ट्राउगोटला म्हणाला, "आणि तू हे करत बसलायस होय?" भांडण इथेही झालंच, चांगलं दोन दिवस. ट्राउगोट गेला नाही. वेंडेलिन मात्र दर उन्हाळ्यात येऊ लागला, आणि तिघं धारेवर बसून वाद घालू लागले.

एकदा असेच बसले असताना बाबा मध्येच बोलले, "ऊन माझ्या तोंडावर येऊन बसलंय, मला ओळखतंय." मग जरा लाजून म्हणाले, "पुढची ओळ तू कर."

"नाही बाबा," ट्राउगोट म्हणाला, "तुम्हीच करा. आम्ही थांबतो."