तीन कोरडे खड्डे आणि आप्पांची कुदळ

तेरला जायचं हे मी गेली आठ-दहा वर्षं ठरवतोय आणि दरवेळी काहीतरी सबब काढून टाळतोय. कधी ऊन फार, कधी सुट्टी नाही, कधी गाडीचं सर्व्हिसिंग. खरं कारण हे, की तिथं मला एका माणसाची माफी मागायची होती आणि तो आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. यंदा माघ संपत आला तेव्हा एका रविवारी मी नेहमीसारखं नास्तिकतेवर व्याख्यान देऊन घरी आलो. बायको म्हणाली, तो नारळाचा किस्सा तू आजही अर्ध्यावरच सोडलास. पुढच्या शनिवारी पहाटे गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून आत वळून कुर्डुवाडी, बार्शी आणि मग धाराशिव. चहापाणी धरून सहा तास पुरतात. लहानपणी हाच प्रवास लाल एसटीनं अख्खा दिवस खायचा. बार्शीच्या स्टँडवर आई खिडकीतून हात काढून भज्यांचा पुडा घ्यायची आणि तेलकट बोटं माझ्याच शर्टाला पुसायची. म्हणून बार्शीला मुद्दाम थांबून भजी घेतली. चव तीच वाटली, की मी तसं ठरवूनच खाल्ली, कोण जाणे. धाराशिवला हजाराच्या आत बरी खोली मिळते. रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी भूमकडच्या खव्याचा पेढा. वजन बघणाऱ्यांनी पेढा सोडावा, मी सोडला नाही.

रविवारी सकाळी तेरला पोचलो. तेर माझं आजोळ. मामा गेले, घर विकलं, तरी गाडी आपोआप त्याच गल्लीत वळली. वस्तुसंग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी आणि शंखाच्या बांगड्या आहेत, सुट्टीचा वार विचारून जा. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ तर चुकवूच नका. मी पक्का नास्तिक, पण त्या फरशीचा गारवा पायांना इतका ओळखीचा आहे की चपला काढून आत बसलोच. मामा पूजा करायचे तेव्हा मी याच खांबाला टेकून गोट्या मोजायचो. खूप आठवण आली त्यांची.

देवळाबाहेरच्या टपरीवर आप्पांचं घर विचारलं.

"पाणी बघायचे ते आप्पा व्हय?" टपरीवाला म्हणाला. "आता कुठलं बघत्यात. आता मशीन येतंय."

तर तो किस्सा. आप्पा पाणाडी होते. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातून चालायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं विहीर खणायची. पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. मी तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि नव्यानं नास्तिक झालो होतो. नवा मुसलमान दिवसातून दहा वेळा नमाज पढतो म्हणतात ना, अशातलाच प्रकार होता, उत्साह भरपूर. सुट्टीत तेरला आलो तेव्हा शाळेच्या पटांगणात दहा खड्डे खणून घेतले, तिघांत पाण्यानं भरलेल्या घागरी पुरल्या आणि सगळ्यांवर सारखी माती ओढली. मग गावासमोर आप्पांना आव्हान दिलं. ते बिचारे हसत आले, नारळ घेऊन फिरले आणि तीन जागा दाखवल्या. तिन्ही कोरड्या निघाल्या. मग बाकीचेही खड्डे उकरून मी घागरी दाखवल्या. गाव पोट धरून हसलं. व्याख्यानात किस्सा इथं संपतो आणि श्रोतेही हसतात.

पुढचं मी कधीच सांगत नाही. आप्पांची एक रीत होती. त्यांनी दाखवलेली विहीर कोरडी गेली, तर ते स्वतःची कुदळ घेऊन जायचे आणि त्या शेतकऱ्यासाठी एक दिवस फुकट खणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मामांच्या ओट्यापाशी कुदळ घेऊन उभे राहिले. तीन ठिकाणी चुकलो, तीन दिवस तुमच्याकडं कामाला लागू, कुठं खांदायचं बोला, असं त्यांनी मला विचारलं. माझ्या परीक्षेला ते विहीर समजले होते. मी इतका हसलो की हातातला चहा सांडला. आप्पा पटांगणात गेले, दहाही खड्डे बुजवले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांना पाणी बघायला कुणी बोलावलं नाही.

घर सापडलं तेव्हा आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या सूनबाईंनी माझं नाव सांगितलं, तसे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "घागरीवाला."

चहा झाला, मामांचा विषय झाला. मग मी म्हणालो, "आप्पा, त्या वेळचं माफ करा."

"कशाची माफी? खड्डं कोरडं निघालं. खरं हाय ते."

"परीक्षा घेतली त्याची नाही. तुम्ही कुदळ घेऊन आलात तेव्हा हसलो, त्याची."

 आप्पा म्हणाले, "व्हय. हसलास मातर लई."

मी विचारलं, नारळ खरंच देव उभा करत होता का? त्यांनी मान हलवली. "म्हाईत न्हाय बाबा. तू म्हणतोस देव न्हाय, पुजारी म्हणतो हाय. म्या दोघांनाबी कधी खोटं पाडलं न्हाय. पर माझ्या बोलण्यावर एखाद्यानं खांदलं आन् कोरडं गेलं, तर त्याच्या घरी मला भाकर गिळत नव्हती."

व्याख्यानात मी फळ्यावर तीन रकाने आखून शिकवतो: नास्तिक, अज्ञेयवादी, मानवतावादी. ती परीक्षा आजही योग्यच होती असं मला वाटतं. कोरड्या विहिरीत लोकांचे कष्ट जात होते. पण वर कुणी जाब विचारणारा असो वा नसो, आपली चूक आपण निस्तरायची, हा तिसरा रकाना मी नुसता लिहीत आलो. आप्पा तो कुदळीनं पाळत होते आणि मी त्यांना हसलो होतो. मला भयंकर लाज वाटली.

"चुकलं तर काय करायचं, ठावं हाय न्हवं?" आप्पांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं कुदळ टेकलेली होती. लिंबाच्या रोपासाठी खड्डा हवा होता. आत्ता खणून उन्हात तापू द्यायचा, रोप पावसात लावायचं.

सूनबाई कळवळल्या, पाहुण्याला कामाला काय लावता म्हणून.

"पाव्हणा न्हाय त्यो," आप्पा म्हणाले. "चुकल्याला माणूस हाय."

दुपारपर्यंत खणलं. दोन्ही तळहातांना फोड आले. मग हुलग्याचं माडगं आणि धपाटे मिळाले, आप्पा शेजारी जेवले.

पुण्याला परतताना स्टिअरिंग धरवत नव्हतं. पुढच्या व्याख्यानात किस्सा पुरा सांगितला. कुणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, मग तुम्ही आता देव मानता का? नाही म्हणालो, आणि खड्ड्याचं सांगितलं.

परवा सूनबाईंचा फोन आला. पाऊस चांगला झालाय, रोप लावलं. मग आप्पांनी फोन घेतला.

"जगलं तर लिंबं न्यायला ये," ते म्हणाले. "मेलं तर कुदळ घिऊन ये."

मी कुदळ विकत आणून ठेवली आहे.