तबकडीला आभाळ लागतं

आमच्या गाडीच्या छतावर सिग्नल पकडणारी मोठी तबकडी आहे आणि आत कॉम्प्युटर, शिवाय मोबाइल चार्ज करायला भिंतभर सॉकेट. एरवी आम्ही वस्त्यांमध्ये जाऊन म्हाताऱ्या माणसांना मोबाइल शिकवतो. म्हणजे शिकवतो आमचा इंजिनिअर. मी गाडी चालवते. जाऊबाईंना मात्र 'मी टेक्निकलला आहे' असं सांगून ठेवलंय.

पूर आला तेव्हा नदीकाठच्या लोकांना उंचावरच्या शाळेत हलवलं होतं. टॉवर बंद, कुणाला कुणाची खबर नाही. मला गाडी घेऊन ताबडतोब निघायला सांगितलं. इंजिनिअर परस्पर येणार होता, पण पुलावर पाणी चढलं आणि तो पलीकडेच अडकला.

शाळेत शिरले तर 'मॅडम आल्या' म्हणत लोकांनी वाट करून दिली. अशा वेळी 'मी नुसती ड्रायव्हर' असं सांगायला जीभ रेटेना. गाडीच्या दाराशी कुणी भिजू नये म्हणून गाडी झाडाखाली लावली आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. तबकडी उभी राहिली, गरागरा फिरली, पण सिग्नल मिळेना. मी कपाळाला आठ्या घालून एक वायर काढली आणि होती तिथेच परत लावली. लोक श्वास रोखून बघत होते. पुढेच एक आजी होत्या. त्यांची लेक बाळंतपणासाठी पलीकडच्या दवाखान्यात होती. त्यांच्याकडे बघून माझं नाटक गळून पडलं.

अग्निशमन दलाच्या जवानाकडे वायरलेस होता. त्यावरून पुलापलीकडच्या जवानांना गाठून कसाबसा इंजिनिअर मिळाला.

"ताई, गाडी कुठे लावलीये?"

"झाडाखाली."

तो म्हणाला, "तबकडीला मोकळं आभाळ लागतं, ताई."

वायरलेसचा आवाज मोठा होता. सगळ्या शाळेने ऐकलं.

गाडी मैदानात घेतली तर चाक चिखलात रुतलं. जे मघाशी मॅडम म्हणत होते, त्यांनीच ढकलून काढली. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. पहिला फोन आजींचा. पडद्यावर लेक दिसली आणि तिच्या कुशीत कापडात गुंडाळलेलं इवलंसं तोंड. आजी नुसता पडदा कुरवाळत राहिल्या. मीही डोळे पुसले. वर घाम आल्याचं सांगितलं, भर पावसात.

रांग जरा ओसरल्यावर घरी फोन लावला. नवऱ्याने विचारलं, "इंजिनिअर पोचला का?"

"नाही."

"मग मशीन कुणी चालू केलं?"

"मी."

"बरं. आणि खरं कुणी केलं?"

रांग मोठी आहे असं सांगून मी फोन ठेवला.