दौलतचं नाक

विठ्ठलवाडी स्टेशनमागे दौलतचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. चाळीस वर्षं या गड्याने मल्टिमीटरला हात लावला नाही. कुठली कॉइल जळली, कुठली नुसती तापली, हे तो हुंगून सांगायचा. कोणी मीटरचं नाव काढलं, की म्हणायचा, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" फुशारकी भारी, पण निदान चुकत नसे, म्हणून लोक ऐकून घेत.

कोविडमध्ये ते नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. चार वर्षं झाली, हे ठाऊक फक्त बायकोला, सुमतीला. तिने मुकाट्याने एक मीटर आणून दिला. तो खणात असायचा. गिऱ्हाईक चहाला गेलं, की दौलत गुपचूप काढायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण बाळकुमच्या अ‍ॅग्नेसबाय चहाला जाईनात. नवऱ्याच्या, टेरेन्सच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं पॅनल त्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. टेरेन्स गेला आणि मुलं गाडी भंगारात काढायला निघाली. सगळे काटे चालले तर ठेवू, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. त्यातला पेट्रोलचा मीटर आता कुठे मिळत नाही.

"मी इथंच बसते," त्या म्हणाल्या.

पॅनलमागच्या वायरी जुनाट होऊन सगळ्या एका मातकट रंगाच्या झाल्या होत्या. तरी दौलतने नजरेनेच बरंचसं ओळखलं. अडलं ते काट्यांना बेताची वीज पोचवणाऱ्या पत्र्याच्या डबीशी. एक गाडीतली, एक त्याच्याकडच्या जुन्या सामानातली. दिसायला सारख्या. कॉइल जळलेली डबी बॅटरीची सगळीच वीज काट्यांवर सोडते. आतली कॉइल कुठलीची जळलीय?

खण उघडायला कितीसा वेळ लागला असता! पण अ‍ॅग्नेसबाय कौतुकाने बघत होत्या.

"टेरेन्स बोलायचा, दौलतच्या नाकाला तोड नाय."

झालं. दौलतने एक डबी नाकाशी नेली, डोळे मिटले. मग दुसरी.

"ही गेलेली. ही चांगली, बाय."

चांगली ठरवलेली डबी बसवून त्याने बॅटरी जोडली. पेट्रोलचा काटा थरथरला, उठला, चढू लागला. अ‍ॅग्नेसबायने क्रूसाची खूण केली. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. काटा 'फुल'च्या पुढे जाऊन टेकला.

"दौलत, कायतरी जलते."

"जुनी धूळ तापते, बाय."

"धूल नाय रे!"

काचेआड धूर दिसला तेव्हा कुठे त्याने वायर उपटली. काटा खाली आला तो आलाच. मीटर आतून कोळसा झाला होता.

"तुला वास नाय आला?"

"येत नाही," दौलत म्हणाला. "चार वर्षं झाली."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अ‍ॅग्नेसबाय चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पॅनल पुन्हा टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि हळूच विचारलं,

"मग हुंगलास कशाला रे?"